मेडिकलच्या काउंटरवरून खेळाच्या टेबलावर : एका जुन्या बारकोड स्कॅनरचे परीक्षण

लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या १६ रस्त्यांपैकी एका रस्त्यावर जुने संगणक, प्रिंटर आणि बिलिंगचे सामान विकणारे एक अरुंद दुकान आहे. गेल्या एप्रिलमध्ये मी तिथे माउस घ्यायला गेलो होतो आणि परतताना पिशवीत माउसबरोबर ७०० रुपयांचा एक वापरलेला बारकोड स्कॅनर होता. मला बिले करायची नव्हती. माझे दुकानच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत उदगीरहून आलेला माझा आठ वर्षांचा भाचा आणि यंदा अकरावीला गेलेली त्याची बहीण या दोघांसाठी, आणि तितकेच माझ्यासाठी, संगणकावरच्या खेळांतल्या लांबलचक आज्ञा एका झटक्यात टाकणारे काहीतरी साधन मी बरेच दिवस शोधत होतो. त्या एका कामापुरता हा स्कॅनर कसा ठरला, ते इथे लिहीत आहे. जवळजवळ चार महिने तो रोज वापरल्यानंतरच हे लिहायला बसलो आहे.

स्कॅनर आहे सिम्बॉल कंपनीचा एलएस २२०८. पिस्तुलासारखी मूठ, बोटाखाली खटका आणि तोंडातून बाहेर पडणारी लाल लेझरची एकच रेघ, असे त्याचे सरळ रूप आहे. सिम्बॉल ही कंपनी २००७ मध्ये मोटोरोलाकडे आणि तिचा हा व्यवसाय २०१४ मध्ये झेब्राकडे गेल्यामुळे हेच मॉडेल जुन्या बाजारात तीन वेगवेगळ्या नावांच्या पट्टीसह दिसते. घेणाऱ्याने त्याने गोंधळून जाऊ नये, कारण माहितीपुस्तिका झेब्राच्या नावाने शोधली की ती तिन्हींना चालते. दुकानदाराच्या सांगण्यानुसार हा स्कॅनर एका मेडिकलमधून आलेला होता. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषध-ब्रँडांच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले, आणि एकरेषीय लेझरला क्यूआर वाचता येत नाही, म्हणून त्या मेडिकलवाल्याने कॅमेऱ्याचा नवा स्कॅनर घेतला आणि हा काढून टाकला. “घिऊन जावा सर, चालू हाय. लाईट पडायलीय बघा,” असे म्हणत दुकानदाराने खटका दाबून भिंतीवर लाल रेघ दाखवली. लाईट पडणे आणि बारकोड वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला घरी आल्यावर कळले. त्याविषयी पुढे लिहितो.

आधी हा स्कॅनर खेळात उपयोगी का पडतो, ते सांगायला हवे. यूएसबीला जोडलेला असा स्कॅनर संगणकाला स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून करून देतो. त्याला ड्रायव्हर लागत नाही, वेगळी प्रणाली बसवावी लागत नाही. बारकोडमध्ये जी अक्षरे साठवलेली असतील ती तो एकामागून एक ‘टाइप’ करतो आणि शेवटी, तशी सेटिंग असेल तर, एन्टर दाबतो. संगणकाच्या दृष्टीने एखाद्या अतिशय चपळ माणसाने कळा दाबल्या, एवढेच घडलेले असते. म्हणूनच प्रणालीतून कळा ‘दाबणारी’ काही मॅक्रो-साधने ज्या खेळांत नाकारली जातात, त्या खेळांतही हा स्कॅनर बिनतक्रार चालतो. एका कार्डावर आज्ञेचा बारकोड छापायचा, खाली मराठीत तिचे नाव लिहायचे आणि कार्डावर रेघ फिरवायची, एवढाच सगळा व्यवहार आहे.

घरी येऊन पाहतो तर केबलच्या टोकाला नऊ पिनांचा जुना सीरियल जोड होता. माझ्या लॅपटॉपला तसे छिद्रच नाही. बिलिंगच्या जुन्या यंत्रांना अशाच केबली लागत, त्यामुळे वापरलेल्या स्कॅनरच्या बाबतीत हा प्रकार वारंवार होणार. सुदैवाने या मॉडेलची केबल मुठीच्या तळाशी एका खोबणीत बसवलेली असते. खोबणीशेजारच्या छिद्रात सरळ केलेली कागदाची पिन घालून दाबली की ती सुटते, आणि तीच मूठ दुसऱ्या केबलीने यूएसबीची होते. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून आणखी १५० रुपयांना यूएसबीची केबल आणली. दुकानदाराने आदल्या दिवशीच विचारले असते तर उन्हातली एक फेरी वाचली असती, अशी माझी एक रास्त तक्रार आहे. मात्र त्याने जुनी केबल परत घेऊन ५० रुपये वजा केले, हेही नोंदवायला हवे.

दुसरी अडचण आधीच्या मालकाच्या सेटिंगची होती. स्कॅनर जुन्या जागेच्या सवयी बरोबर घेऊन येतो. हा प्रत्येक वाचनानंतर एन्टरऐवजी टॅब दाबत होता, कारण मेडिकलच्या बिलात पुढच्या रकान्यात जायचे असते. या यंत्राची सगळी सेटिंग बारकोडांनीच होते. माहितीपुस्तिकेतला ‘सेट ऑल डिफॉल्ट्स’ हा बारकोड वाचला की यंत्र कारखान्यातून निघाल्यासारखे कोरे होते, त्यानंतर ‘अ‍ॅड अ‍ॅन एन्टर की’ हा वाचला की शेवटी एन्टर येऊ लागतो. ही पाने मी छापून घेतली, कारण लेझरचा स्कॅनर पडद्यावरचा बारकोड वाचत नाही. त्याला कागदावरून परत येणारा स्वतःचा प्रकाश लागतो. आवाजाचीही तीच गोष्ट आहे. मूळ ‘टिंग’ इतका मोठा आहे, की दुपारी शेजारच्या खोलीत झोपलेली आई दोनदा उठून आली. पुस्तिकेतला कमी आवाजाचा बारकोड स्कॅन केला आणि घरात शांतता झाली.

आता पहिल्या कार्डाची हकिकत. ‘सॅन अँड्रियास’ या खेळात HESOYAM ही सात अक्षरे दाबली की पात्राची तब्येत आणि चिलखत भरून निघते आणि खिशात अडीच लाख डॉलर जमा होतात, हे आमच्या पिढीतल्या सायबर कॅफेत बसलेल्या कोणालाही तोंडपाठ असते. ही सात अक्षरे मी छापली, नोटपॅड उघडले, रेघ मारली, आणि पडद्यावर उमटले : फआएधभओश. क्षणभर स्कॅनर बिघडला असेच वाटले. मग लक्षात आले, की सकाळी कार्यालयाचे पत्र लिहिल्यामुळे विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला होता. स्कॅनर अक्षरे पाठवत नाही, तो कळा दाबतो. त्या कळेवर त्या वेळी कोणते अक्षर आहे, ते संगणक ठरवतो. इनस्क्रिप्टमध्ये मोठ्या एचच्या जागी फ आहे, ईच्या जागी आ, एसच्या जागी ए. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक घरात हा घोटाळा होणार, म्हणून सांगून ठेवतो : खेळ सुरू करण्यापूर्वी विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून भाषा इंग्रजीवर आणावी. याच कारणाने बारकोडमधून देवनागरी मजकूर टाकण्याची अपेक्षाही करू नये. देवनागरी कार्डाच्या दर्शनी बाजूवर असावी, जिथे ती मुलांच्या कामाची आहे.

बारकोडचा प्रकार निवडताना मी बराच वेळ घालवला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. सर्वांत सोपा आहे कोड ३९, जो १९७४ पासून वापरात आहे. त्यात इंग्रजी मोठी अक्षरे, आकडे आणि मोजकी चिन्हे, अशी ४३ चिन्हे मावतात. त्याचा मोफत फाँट मिळतो आणि शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा (*) टाकला की बारकोड तयार होतो. HESOYAM सारख्या शब्दांना तो पुरेसा आहे. ‘माइनक्राफ्ट’च्या आज्ञा मात्र लहान अक्षरांत लिहाव्या लागतात, आणि तिथे कोड ३९ अपुरा पडतो. १९८१ मध्ये आलेल्या कोड १२८ मध्ये आस्की या संगणकाच्या मूळ अक्षरसंचातली सगळी १२८ चिन्हे बसतात, म्हणून मी शेवटी सगळी कार्डे त्यातच केली. त्याला एक तपासणी-चिन्ह लागते, जे हाताने काढणे किचकट आहे. इंकस्केप या मोफत चित्रप्रणालीत बारकोड काढण्याची सोय आहे आणि ते चिन्ह ती स्वतःच काढते.

कार्डाच्या आकाराचे गणित इथे अटळ आहे. कोड १२८ मध्ये प्रत्येक अक्षराला ११ एकक रुंदी लागते (एक एकक म्हणजे सर्वांत बारीक रेघेची रुंदी). सुरुवातीचे चिन्ह आणि तपासणीचे चिन्ह ११-११, शेवटचे १३, शिवाय दोन्ही बाजूंना किमान १०-१० एककांची कोरी जागा. /time set day ही १३ चिन्हांची आज्ञा घेतली, तर एकूण १९८ एकक होतात. सर्वांत बारीक रेघ ०.३३ मिलिमीटर ठेवली तर हा बारकोड साधारण ६५ मिलिमीटर रुंद होतो आणि ९० मिलिमीटरच्या व्हिजिटिंग कार्डावर आरामात बसतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मधली धान्य देणारी CHEESE STEAK JIMMY'S ही २० चिन्हांची आज्ञा त्याच मापाने ९० मिलिमीटरच्या थोडी पुढे जाते, म्हणजे कार्डाबाहेर. तिची रेघ ०.२५ मिलिमीटर केली तेव्हा ती ६९ मिलिमीटरवर आली. झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर प्रिंटरवर ती सुबक उमटली. माझ्या घरच्या शाईच्या प्रिंटरवर मात्र रेघा पसरल्या आणि दहातली तीन-चार वाचने वाया गेली. कार्डे लेझर प्रिंटरवरच काढावीत, एवढे माझे ठाम मत आहे.

खेळांत प्रत्यक्ष वापरताना सर्वांत महत्त्वाची ठरली ती एक छोटी सेटिंग, आणि माझ्या मते हा स्कॅनर निवडण्याचे खरे कारणही तीच आहे. कारखान्याच्या सेटिंगवर स्कॅनर दोन कळांमध्ये काहीही थांबत नाही. नोटपॅडमध्ये त्याने काही बिघडत नाही, पण खेळात बिघडते. ‘व्हाइस सिटी’ या खेळात मी ASPIRINE चे (तब्येत भरून काढणारे) कार्ड स्कॅन केले तेव्हा पाचांतली चार वेळा काहीच झाले नाही. तो खेळ फ्रेमची (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांची) मर्यादा चालू असताना सेकंदाला साधारण ३० फ्रेम काढतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांची असते. एकाच फ्रेममध्ये कळ दाबली आणि सोडलीही गेली, तर खेळाला ती दिसतच नाही, असे मी समजलो. पुस्तिकेत दोन कळांमधल्या विरामाचे तीन पर्याय आहेत : शून्य, २० मिलिसेकंद आणि ४० मिलिसेकंद. वीसवर सुधारणा झाली, पण भरवसा आला नाही. चाळीसचा बारकोड स्कॅन केला आणि त्यानंतर ते कार्ड आजपर्यंत एकदाही फसलेले नाही. ३३ पेक्षा ४० मोठे, इतकी साधी ही गोष्ट आहे. पण ती सापडेपर्यंत माझी पूर्ण एक संध्याकाळ गेली. ज्या स्वस्त स्कॅनरमध्ये हा विराम बदलता येत नाही, तो खेळासाठी घेऊ नये.

‘माइनक्राफ्ट’मध्ये मात्र चाळीसही अपुरे पडले. तिथे तिरकी रेघ दाबली की आज्ञा लिहिण्याची पट्टी उघडते आणि पुढची अक्षरे तिच्यात पडायला हवीत. पण अधूनमधून time मधला पहिला टी गळायचा आणि खेळ लाल अक्षरांत चूक दाखवायचा. त्या खेळाचे अंतर्गत घड्याळ सेकंदाला २० ठोके टाकते, म्हणजे एक ठोका ५० मिलिसेकंदांचा. पट्टी उघडायला एक ठोका लागत असेल, तर ४० मिलिसेकंदांनी येणारे पुढचे अक्षर कधी कधी दाराबाहेरच राहणार, असा माझा अंदाज आहे. यावर भाच्याने माझ्यापेक्षा आधी उपाय शोधला. तो डाव्या हाताने टी दाबतो, रिकामी पट्टी उघडते, मग उजव्या हाताने कार्डावर रेघ मारतो. तेव्हापासून चूक नाही. १३ चिन्हांना विरामासह अर्धा सेकंद लागतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात पडद्यावर अक्षरे एकेक उमटताना पाहणे त्याला खेळाइतकेच आवडते. या आज्ञा चालण्यासाठी जग तयार करताना चीट्सना परवानगी दिलेली असावी लागते, हे सांगायला नको. आणि दुसऱ्यांबरोबर ऑनलाइन खेळताना हे पत्ते बाहेर काढू नयेत, असा आमच्या घरचा नियम आहे.

या साधनाची खरी किंमत मला त्या मुलाकडे पाहून कळली. त्याला इंग्रजी स्पेलिंग अजून नीट येत नाही. weather clear लिहायला तो ई आधी की ए आधी यात अडकायचा, आणि तोवर त्याच्या पिकांवर वीज पडून गेलेली असायची. आता त्याच्यापुढे पत्त्यांसारखी कार्डे पसरलेली असतात : ‘पाऊस थांबव’, ‘सकाळ कर’, ‘रात्र कर’, ‘भाकरी दे’. (खेळात असतो तो पाव, पण त्याने कार्डावर भाकरी लिहिली आणि मी ती खोडली नाही.) “मामा, पाऊस थांबवायचं कार्ड कुठं ठिवलाव?” हा प्रश्न मे महिन्यात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचा. शिवाय, हाताने कार्ड उचलून आज्ञा द्यायची असल्यामुळे त्याच्या बहिणीलाही त्याच खेळात भाग घेता येतो. एकजण माउस धरतो, दुसरा पत्ते टाकतो. एका कळेत आख्खी आज्ञा टाकणाऱ्या बारा कळांच्या मॅक्रो-पॅडची जाहिरात मी पाहिली होती आणि तो याच्या कितीतरी पट महाग असतो, पण त्याच्या कळांवर मराठी वाक्ये लिहिता येत नाहीत आणि तेरावी आज्ञा हवी झाली की तो संपला. इथे तेरावे कार्ड म्हणजे छपाईचे दोन रुपये.

कार्डांना लॅमिनेशन करताना चकचकीत फिल्म घेऊ नये. स्कॅनर अगदी सरळ धरला तर लेझर फिल्मवरून आरशासारखा परत फिरतो आणि वाचन होत नाही. मूठ थोडी तिरपी केली की होते. आमच्या पहिल्या वीस कार्डांना चकचकीत फिल्म आहे, त्यामुळे तिरपे धरण्याची सवय सगळ्यांनाच लागली आहे. रंगांचाही एक अनुभव सांगण्यासारखा आहे. भाच्याने एका दुपारी स्केचपेनने सगळी कार्डे रंगवून टाकली. लाल रंग थेट बारकोडवर गेलेली कार्डे व्यवस्थित चालत राहिली, आणि निळा किंवा हिरवा रंग गेलेली बंद पडली. स्कॅनरचा प्रकाश लाल असल्यामुळे लाल शाई त्याला कोऱ्या कागदासारखी दिसते. निळी-हिरवी मात्र काळ्यासारखी, आणि मग रेघ कुठे संपते आणि फट कुठे सुरू होते हे त्याला ओळखता येत नाही. हेच उलटे करून लाल शाईत बारकोड छापला तर स्कॅनरला तो दिसणारच नाही. हे तिला करून दाखवल्यावर भाचीने त्या रात्री घरातल्या यच्चयावत वेष्टनांवरचे लाल बारकोड शोधले, आणि तिला एकही सापडला नाही.

वेष्टनांचा विषय निघाला आहे, तर त्याविषयीही लिहितो, कारण घरात स्कॅनर आला की पहिला मोह तोच होतो. बिस्किटाच्या पुड्यावर, साबणावर, तेलाच्या पिशवीवर आयते बारकोड असतात. मग वेगळी कार्डे कशाला छापायची? जपानमध्ये एपॉक कंपनीने १९९१ मध्ये बारकोड बॅटलर नावाचे खेळणे काढले होते, ज्यात घरातल्या वस्तूंच्या बारकोडवरून लढवय्यांची ताकद ठरत असे, म्हणजे ही कल्पना जुनीच आहे. पुड्यावरचा बारकोड १३ आकड्यांचा असतो. भारतीय संस्थेकडे नोंदवलेल्या कंपन्यांचे आकडे ८९० ने सुरू होतात आणि शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून काढलेला तपासणीचा असतो. ऑटोहॉटकी या मोफत प्रणालीत ‘हे १३ आकडे आले की त्याऐवजी ही आज्ञा टाइप कर’ असे एका ओळीत सांगता येते. मी बिस्किटाच्या पुड्यावर भाकरीची आज्ञा बांधली आणि मुले आनंदाने ओरडली. पण ही व्यवस्था टिकली नाही. आज्ञा येण्यापूर्वी ते १३ आकडे खेळात पडतात, आणि ‘माइनक्राफ्ट’मध्ये एक ते नऊ हे आकडे हातातली वस्तू बदलतात. पुडा स्कॅन केला की हातातली कुदळ जाऊन मशाल येई, मशाल जाऊन तलवार येई आणि मगच भाकरी मिळे. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये आकड्यांनी सैन्याच्या तुकड्या निवडल्या जातात, त्यामुळे तिथे गोंधळ आणखी वाढतो. घाईच्या खेळात पुडे वापरू नयेत. छापील कार्डच बरे.

पुड्यांना चांगली जागा मिळाली ती भाचीने स्क्रॅचमध्ये, म्हणजे ठोकळे जोडून मुलांना प्रोग्रॅम करू देणाऱ्या प्रणालीत, केलेल्या खेळात. स्क्रॅचमध्ये ‘विचार आणि थांब’ असा एक ठोकळा असतो, जो उत्तर टाइप होऊन एन्टर दाबले जाईपर्यंत वाट पाहतो. स्कॅनर नेमके तेच करतो : आकडे आणि मग एन्टर. तिने तीन दिवसांत किराणा दुकानाचा खेळ उभा केला, ज्यात गिऱ्हाईक वस्तू मागते, भावाने स्वयंपाकघरात धावत जाऊन ती आणायची, स्कॅन करायची आणि सुटे पैसे बरोबर परत करायचे. या खेळात तिखटाचा रिकामा डबा, आगपेटीचा पुडा आणि आजीची दंतमंजनाची डबी, सगळे कामाला लागले. मी त्यात एका ओळीचीही मदत केली नाही. विकत घेताना माझ्या मनातही नसलेला हा वापर आता आमच्या घरात सर्वाधिक होतो.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. स्कॅनर कळ दाबून धरू शकत नाही. पळण्यासाठी शिफ्ट धरून ठेवायची असेल तर त्याचा उपयोग नाही. लढाईच्या ऐन क्षणी कार्ड शोधत बसणे शक्य नसते, म्हणून ज्या आज्ञा निवांतपणे द्यायच्या असतात त्यांच्यासाठीच तो योग्य आहे. ‘व्हाइस सिटी’सारख्या खेळात आज्ञेतली अक्षरे हालचालीच्या कळाही असतात, त्यामुळे कार्ड स्कॅन करताना पात्र एखादे पाऊल सरकते, पुलाच्या कडेला उभे राहून ते करू नये. तो खेळ प्रौढांसाठी आहे आणि मुले झोपल्यावरच मी तो उघडतो, त्यामुळे त्याची कार्डे वेगळ्या डबीत आहेत. कंट्रोल कळेबरोबरच्या जोड्या मात्र जमतात, हे मला उशिरा कळले. आस्कीतले २६ क्रमांकाचे अदृश्य चिन्ह कोड १२८ मध्ये छापले, तर स्कॅनर कंट्रोल आणि झेड एकत्र दाबतो. चित्रे काढताना भाचा ‘चुकलं, परत’ हे कार्ड त्यासाठीच वापरतो. अशी अदृश्य चिन्हे बारकोड काढणारे प्रत्येक साधन छापू देत नाही; थोडी शोधाशोध करावी लागते.

लेझरविषयी पालकांनी एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी. हा दुसऱ्या वर्गाचा, ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर आहे आणि मुठीवर तशी सूचनाही चिकटवलेली असते. डोळा आपोआप मिटतो तेवढ्यात इजा होऊ नये, अशा मर्यादेत या वर्गाची ताकद ठेवलेली असते. पण मुद्दाम टक लावून पाहिले तर ते संरक्षण उरत नाही. पिस्तुलाचा आकार असल्यामुळे मुले तो एकमेकांवर रोखणार, हे गृहीत धरावे. आमच्याकडे पहिल्याच दिवशी ते घडले आणि मी दोन दिवस स्कॅनर कपाटात ठेवला. त्यानंतर तोंड टेबलाकडेच ठेवण्याचा नियम मोडलेला नाही.

टिकाऊपणाबद्दल समाधान आहे. मेडिकलमधली काही वर्षे आणि आमच्याकडचे चार महिने, यात तो टेबलावरून निदान सहा वेळा फरशीवर पडला, तरी वाचनात फरक नाही. मे महिन्यात दुपारची लाईट जायची तेव्हा लॅपटॉपच्या बॅटरीवर तोही चालत राहायचा, कारण त्याला लागणारी वीज यूएसबीतूनच मिळते. काचेवर धूळ बसली की वाचन मंदावते; चष्म्याच्या कापडाने पुसले की पुरते. खटका आता थोडा सैल वाटतो. स्कॅनर, केबल, छपाई आणि लॅमिनेशन धरून माझा एकूण खर्च हजार रुपयांच्या आत राहिला, आणि त्या पैशांत मुलांची, माझी आणि आता शेजारच्या दोन पोरांचीही सुट्टी गेली. माझ्या मोजमापाने हा व्यवहार उत्तम ठरला.

तो मेडिकलचा माल संपला असला, तरी त्या दुकानात अशा पाच-सहा मुठी अजून टांगलेल्या मी गेल्या आठवड्यात पाहिल्या, आणि इतर गावांतल्या बिलिंगवाल्यांकडेही त्या निघत असणार. घ्यायला जाताना खिशात बिस्किटाचा पुडा, फोन आणि फोनला यूएसबी जोडणारी छोटी ओटीजी केबल घेऊन जावे. प्रथम टोकाचा जोड यूएसबीचा आहे का ते पाहावे. मग स्कॅनर फोनला लावावा, टिपणाचे कोरे पान उघडावे, इंग्रजी कीबोर्ड ठेवावा आणि पुड्यावर रेघ मारावी. भिंतीवर लाल लाईट पडली म्हणून समाधान मानू नये. पुडा सरळ, तिरपा आणि उलटा धरून हे पाच वेळा करावे. पुड्यावरचे १३ आकडे आणि फोनवरचे १३ आकडे पाचही वेळा जुळले, की मग भावाचे बोलावे.